प्रेमाने रागावणे

"चाइड. म्हणजे प्रेमाने रागावणे," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू ऊठ, बाळ."

मी उठले. रत्नागिरीतला बँकेच्या परीक्षांचा क्लास, इंग्रजीचा तास. सरांनी रुमाल नाकाशी नेला. अगदी हळू, सगळ्यांना दिसेल असा. मग फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. वर्गात समुद्र घेऊन आल्याबद्दल मी तिला प्रेमाने रागावलो.

वर्ग हसला. एका मुलीने उठून खिडकी उघडली. सर समजावत होते, चाइड करताना आवाज चढवायचा नसतो, समोरच्याचं भलं व्हावं एवढाच हेतू असतो. उद्यापासून मी मागे खिडकीपाशी बसावं, तेही भल्यासाठीच. सगळ्यांनी वाक्य उतरवून घेतलं. मीसुद्धा, उभ्या उभ्या. कानशिलं तापली होती आणि तोंड मात्र हसत होतं. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

वास खोटा नव्हता. माझ्या सॅकमध्ये सोडे होते, सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. सरांनीच मागितले होते. आदल्या आठवड्यात जिन्यात थांबवून, हळूच. पूर्णगडची ना तू, घरचे असतील तर आण. आईने मोठे मोठे निवडले. कोळंबी सोलून सोलून तिच्या बोटांची सालं निघालेली असतात. सरांना द्यायचे म्हणून तिने पिशवीवर पिशवी घातली.

हे वर्गात बोलायचं होतं. पण मी वाक्यच उतरवत राहिले. तास संपल्यावर सर जिन्यात आले. आणलेस ना बाळ, म्हणाले. मी पिशवी दिली. थँक्यूसुद्धा मीच म्हटलं.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला वास जाईल म्हणून अंग चोरून बसले. घरी येऊन चिंचेने हात चोळले, लाल होईस्तोवर. आईने विचारलं तेव्हा सांगून टाकलं. ती म्हणाली,

"गोडच बोलले ना गो? मग गप ऱ्हा. शिकायचा हाय तुला."

आणि तिने आपले हात पदराखाली घेतले. माझ्यापासून लपवले. माझा अपमान मी गिळला असता. तिने हात लपवलेले मला बघवेनात.

मोबाइलवर चाइड हा शब्द शोधला. सरांनी सांगितलेला अर्थ बरोबर होता, पण अर्धाच. चूक करणाऱ्याला सौम्यपणे रागावणे, असं होतं तिथे. चूक करणाऱ्याला. तेवढं सरांनी गाळलं होतं. चूक कुठली, हे मीही विचारलं नव्हतं. आवाज मऊ होता ना. ओरडले असते तर निदान रडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसले.

"बाळ, आपलं काय ठरलं होतं?" सर म्हणाले. आवाज तसाच, साखरेत घोळलेला.

मी उठले नाही. "सर, चूक केली तर चाइड करतात. सोडे तुम्ही मागितलेत, मी आणले. माझी चूक सांगा."

सर म्हणाले, गंमत होती ती. मी म्हटलं, मग आता कुणीच का हसत नाही? ते फळ्याकडे वळले आणि पुढचा शब्द लिहू लागले. माफी मागितली नाही. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी मलाच झापलं. एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसाला असं बोलतात का, म्हणे.

क्लास मी सोडलेला नाही. सोडणारही नाही. लाज अजून गेलेली नाही, तो जिना चढताना रोज वाटते. पण यापुढे कुणी गोड आवाजात मला उठायला सांगितलं, तर आधी चूक विचारीन. चूक दाखवता आली नाही, तर त्याला रागावणं म्हणणार नाही. अपमान म्हणेन. त्याच्या तोंडावर, बसल्या जागेवरून.