महिपतीच्या मुठीतली वाळू

वर्षातले तीनशे साठ दिवस पेणेत महिपतीला कोणी विचारत नसे. भातगिरणीवर पोती वाहणारा माणूस, त्याला विचारायचं तरी काय? "ए महिपती, जरा बाजूला हो," एवढंच काय ते त्याचं आणि गावाचं बोलणं. उरलेल्या चार-पाच दिवसांत मात्र भलेभले त्याच्यापुढे पाट धरून रांगेत उभे राहत. ते दिवस गणपती विसर्जनाचे.

तो गेला त्याला आता तीन वर्षं झाली. पेपरात बातमी आली नाही, यायचं कारणही नव्हतं. मी दिनानाथ, पोस्टात टपाल वेगळं करणारा कारकून होतो. पण आमच्याकडे चष्मा आणि खिशाला पेन दिसलं की माणसाचा मास्तर होतो, तसा मीही महिपतीसाठी जन्मभर मास्तरच राहिलो. त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मला आहे की नाही, ते वाचणाऱ्यानं शेवटी ठरवावं.

गणपती बोळवून आल्यावर पाट रिकामा घरात आणायचा नाही, ही आमच्याकडची रीत. नदीतली मूठभर वाळू पाटावर घ्यायची, घरी आणून तिची आरती करायची आणि मग ती पुरचुंडीत बांधून तांदळाच्या पिंपात ठेवायची. कोणी थोडी शेतात टाकतं. पिंप वर्षभर रितं होत नाही म्हणतात. बहुतेक लोक ही वाळू काठावरून उचलतात, वाकायचा तेवढा त्रास. महिपतीला हे पटत नसे. तो छातीभर पाण्यात उभा राहायचा, मूर्ती तीनदा बुडवून वर काढायचा, सोडायचा आणि तिच्यामागोमाग स्वतः खाली जायचा. काठावरची बायामाणसं पाण्याकडे बघत राहायची. मग तो वर यायचा, मूठ पाटावर उघडायचा आणि प्रत्येकाला तेच सांगायचा, "तुझ्याच देवाखालची हाय. दुसऱ्याची नाय."

एकदा मी गमतीनं विचारलं, "कशावरून रे?" त्यावर तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या गणपतीत माझा पाट समोर आला तेव्हा आपणच म्हणाला, "देव तळाला टेकला की मी त्याच्या पायाला हात लावतो, मास्तर. मंग बाजूची घेतो." थट्टा करावी असं त्यात काही नव्हतं.

तो मूळचा खाली खाडीकाठच्या गावचा. बाप मिठागरात कामाला, तोही दहा-बारा वर्षांचा झाल्यापासून तिथेच. पुढे ते मिठागर बंद पडलं, तेव्हा बायकोला, रंभाला, घेऊन तो पेणेत आला आणि गिरणीवर लागला. रंभा म्हणायची, "वरीसभर वाकून चालतो, तेवढे चार दिस ताठ चालतो बघा." खरंच होतं ते. गौरी-गणपतीच्या दिवसांत तो बाजारातून जायचा तेव्हा त्याची मान बघण्यासारखी असायची. दुकानदार हाक मारून चहा पाजायचे. माणसाला जगायला असं काहीतरी लागतं, आणि त्याच्याकडे एवढंच होतं.

मग नदीची दशा झाली. गावाची गटारं तिच्यात, बाजारातला कचरा तिच्यात, आणि न विरघळणाऱ्या मूर्तीही तिच्यातच. पेणेचे गणपती साऱ्या मुलखात जातात, पण पेणेच्या नदीकडे बघायला पेणकरांनाच वेळ नव्हता. महिपतीच्या मुठीतून वाळूऐवजी काळा गाळ यायला लागला. बायका नाकाला पदर लावून पाट पुढे करायच्या. एकीनं तर त्याची पाठ वळल्याबरोबर तो गाळ पाण्यात झटकला. ते त्यानं पाहिलं. त्या दिवशी शेवटचा गणपती जाईपर्यंत त्यानं कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी तळाशी कसली तरी तार त्याच्या तळहातात घुसली. हात सुजून भोपळा झाला. तो वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ झाली, आणि उजवी मूठ पुरती मिटेना.

आम्ही नदीसाठी समिती काढली ती त्याच सुमाराला. माझं अक्षर बरं म्हणून मी चिटणीस. अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, साहेब लोकांच्या कचेऱ्यांतल्या बाकांवर बसून बसून विजारी झिजवल्या. काम हललं ते मात्र महिपतीमुळे. नदीकाठी झालेल्या सभेत तो पाट घेऊन आला, त्यावर ओंजळभर तळातला गाळ, आणि तो पाट त्यानं सरळ साहेबांपुढच्या टेबलावर ठेवला. "आमी हा घरात नेतो, साहेब. देवाचा म्हनून," एवढंच म्हणाला. साहेबांनी रुमाल काढला. पण ते उठून गेले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. काही वर्षांनी योजना मंजूर झाली.

खोटं कशाला बोलू, काम उत्तम झालं. गटारं वळवली. वास गेला, डास कमी झाले. दोन्ही काठांना भिंती, त्यांवर फरसबंदी वाट, बाक, दिवे, पाण्यात उतरत्या पायऱ्या. बंधारा घालून बारमाही पाणी ठेवलं, त्यात पायानं चालवायच्या होड्या आल्या. माझी बायको चंद्रावती, जिनं पंधरा वर्षं मागची खिडकी उघडली नव्हती, ती रोज संध्याकाळी शेजारणींबरोबर फिरायला जायला लागली. आमच्या गल्लीत मुलगी द्यायला लोक काचकूच करायचे, तेही थांबलं. समितीच्या लोकांना शाल-श्रीफळ मिळालं. मलाही मिळालं. महिपतीला मिळालं नाही, आणि त्याची त्याला अपेक्षाही नव्हती.

काम सुरू होण्याआधी त्यानं मला फक्त एक विचारलं होतं, "मास्तर, तळाला वाळू ऱ्हाईल ना?"

"राहील की. नदी आहे, वाळू जाते कुठे?" मी म्हणालो.

योजनेचा नकाशा माझ्याच पिशवीत होता. मी तो उघडून पाहिला नव्हता. कागद एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचे, आत काय आहे ते बघायचं नाही, ही माझी नोकरीतली सवय. त्या नकाशात स्वच्छ लिहिलेलं होतं की गावातल्या पट्ट्यात गाळ आणि वाळू काढून तळाला काँक्रीट टाकायचं. कारण चांगलं होतं, गाळ पुन्हा साचू नये, साचला तर धुऊन काढता यावा. वाळू ट्रकांत भरून खाडीकडे भरावाला गेली. आणि विसर्जन नदीत करायचं नाही, काठावरच्या हौदात करायचं, हेही त्यातच होतं. त्यातही चूक कोणाची म्हणावी?

हौदात उभं राहायला अनुभवी माणूस म्हणून महिपतीलाच बोलावलं. अंगात केशरी जाकीट, कमरेच्या वर पाणी. पहिल्या वर्षी लोक नेहमीच्या सवयीनं पाट घेऊन रांगेत उभे राहिले, आणि तोही नेहमीसारखा बुडी मारून वर आला. मुठीत करडी, स्वच्छ वाळू. कित्येक वर्षांत अशी वाळू कोणी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या बायकांनी त्याला हात जोडले. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "ही कुठून?" तो हसला. "तुमच्याच देवाखालची." मी पुढे विचारलं नाही. आनंदात कोण विचारतो?

पुढच्या श्रावणात चंद्रावतीनं पिंपातून तांदूळ काढले तर पुरचुंडी ओली. भोवतीच्या तांदळाचे गोळे झालेले, बुरशीचा वास. तिनं त्यातले चार कण जिभेवर ठेवले आणि तिथेच बसली.

"अवो, खारट हाय ही," ती म्हणाली.

तिचं माहेर खाडीकाठचं गडब. तिच्या लहानपणी बांध फुटून खाडीचं पाणी त्यांच्या शेतात शिरलं होतं, तीन वर्षं तिथे गवतही उगवलं नव्हतं. अशा घरातल्या बाईला तांदळाच्या पिंपात खारी माती म्हणजे काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. त्यातून तिनं चिमूटभर वाळू भावाला, हैबतरावाला, पाठवली होती. त्यानं ती राबात उगवलेल्या भाताच्या रोपांवर टाकली होती आणि त्याच्या राबाचा एक कोपरा पिवळा पडला होता. त्या साली पावसानं सगळ्यांचेच राब बिघडवले होते, पण ते ऐकतो कोण? चंद्रावती पिठाच्या गिरणीत बोलली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पिंपांची झाकणं उघडली. आठवड्यात गावभर झालं, महिपतीनं देवाच्या नावानं खारं दिलं.

मी त्याच्या घरी गेलो. तो दारात दोरी वळत बसला होता. मी विचारण्याआधीच त्यानं सांगितलं. विसर्जनाच्या आधी चार खेपा करून सायकलवरून खाडीची वाळू आणली, धुतली आणि पहाटे हौदाच्या तळाशी पसरली.

"ती नदीचीच हाय, मास्तर. हितलीच ट्रकांनी तिकरं नेली ना? मी परत आनली. सात पान्यांनी धुतली. जिभेवर ठेवून बघितली. मना गोडी लागली, खारी नाय."

आतून रंभा म्हणाली, "याच्या जिभेचा काय भरवसा, मास्तर? मिठागरात जीब मेली याची. मी कालवनात मीठ टाकाया विसरले तरी याला कलत नाय, नि दोनदा टाकला तरी कलत नाय."

महिपतीनं मान खाली घातली. हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं की जाणवूनही तो विसरला होता, देव जाणे.

"अरे, पण सरळ सांगायचं होतंस की खाली वाळू नाही," मी म्हणालो.

"मंग माज्याम्होरं पाट कोन धरील?" तो म्हणाला.

मला वाईट वाटलं, खरोखर वाईट वाटलं. मी म्हणालो, "मी सांगतो लोकांना. यंदा सगळ्यांत आधी माझा पाट तुझ्यापुढे." तो दोरी वळायचा थांबला. मी निघालो तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

लोकांना मी काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता गौरी आल्या. विसर्जनाला हैबतराव आमच्याबरोबर होता. हौदाच्या एका अंगाला कॉलेजची मुलं मूर्ती घेत होती, तिथे रांग लांबच लांब. दुसऱ्या अंगाला महिपती एकटा. लोकांनी यंदा वाळू घरूनच प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती, कोणी घरबांधणीच्या ढिगातली, कोणी कुठली. ती पाटावर ओतली की झालं.

महिपतीनं मला लांबूनच पाहिलं आणि हात पुढे केले. हैबतराव माझ्या कानाशी म्हणाला, "भावोजी, तिकडं नाय." चंद्रावती काही बोलली नाही. बोलली असती तर निदान तिच्यावर ढकलता आलं असतं. मागे सगळी गल्ली उभी होती. मी घाबरलो. साठी उलटलेला, पेन्शन खाणारा माणूस मी, कोणाला घाबरलो ते मला अजून सांगता येत नाही. मी मूर्ती घेऊन मुलांच्या रांगेत उभा राहिलो.

आमचा गणपती गेला. वळून पाहतो तर महिपती हौदाबाहेर आला होता. त्यानं जाकीट काढलं, नीट घडी करून कठड्यावर ठेवलं आणि आमच्यासमोरून चालत तो नदीच्या पायऱ्या उतरला. रखवालदारानं शिट्टी फुंकली. तो पाण्यात गेला, बुडी मारली आणि वर येऊन मूठ उघडली. रिकामी. पुन्हा गेला. कोणी हसलं, कोणी मोबाइल काढला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी तो जास्त वेळ खाली राहायला लागला. मग हसणारेही गप्प झाले. सहाव्या की सातव्या वेळी रखवालदार दोर घेऊन धावला तेव्हा तो वर आला आणि आपणच पायऱ्या चढला.

सरळ आमच्याकडे आला. चंद्रावतीच्या हातात पाट होता. त्यानं उजवा हात त्यावर धरला आणि उघडला. नखं तुटली होती. तळहातावर सिमेंटची चिमूटभर पूड आणि रक्त, ते पाटावर गळलं.

"एवराच हाय खाली, मास्तर," तो म्हणाला. धाप लागली होती त्याला. "चाखून बघा."

चंद्रावती रडायला लागली. हैबतराव दुसरीकडे बघत होता. त्या वेळी मी त्याचा हात धरायला हवा होता, नकाशा माझ्याच पिशवीत होता हे चारचौघांत सांगायला हवं होतं, निदान त्याच्या पाया पडायला हवं होतं. मी म्हणालो, "महिपती, हात धुऊन घे, चिघळेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाला आणि घरी गेला.

त्यानंतर दोन वर्षं तो जगला. नदीवर तो कधी आला नाही, आणि मी त्याच्या घरी कधी गेलो नाही.