बस्त्याच्या दिवशी कोण जेवलं नाही

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गुन्ह्यांचे क्रमांक, कलमं, न्यायालयाच्या तारखा हे सगळं हळूहळू पुसट होत चाललं आहे. एक प्रकरण मात्र होतं तसं आठवतं, आणि ते काही मोठं नव्हतं. खून नाही, दरोडा नाही. एका लग्नाच्या बस्त्यातून सोन्याची पोत नाहीशी झाली होती, एवढंच.

वाशीम जिल्ह्यात कामरगावच्या बाजूला एक गाव आहे. ते माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. नाव कोणाचंच देत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदारानं एका शेतकऱ्याला माझ्यासमोर आणून बसवलं. बरोबर त्याची बायको आणि लग्न ठरलेली मुलगी. आदल्या दिवशी ही मंडळी लग्नाचे कपडे घ्यायला नागपूरला गेली होती. तालुक्याला कारंज्यात मिळतं तेच तिथं स्वस्त मिळतं, आणि गावात सांगताना 'नागपूरचा बस्ता' म्हणता येतं. बरोबर फिर्यादीची विधवा बहीण होती, म्हणजे नवरीची आत्या. शिवाय नवरीची एक मैत्रीण. तिचे वडील एसटीत वाहक, घर बौद्ध. मुलगी नागपुरात राहून नर्सिंग शिकली होती. कोणत्या गल्लीत ठोक भावात साड्या मिळतात, ब्लाऊजपीस कुठं घ्यायचे, सीताबर्डीच्या फुटपाथवर किती घासाघीस चालते, बेताच्या पैशात पोटभर कुठं जेवता येतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिला मुद्दाम नेलं होतं. तिच्यामुळं दिवसभरात सगळा बस्ता ठरवलेल्या खर्चात बसला, हे फिर्यादीनंच मला सांगितलं.

नवरीच्या आईचं जुनं सोनं मोडून तिथंच एक पोत घेतली होती. डबी नवरीच्या बॅगेत ठेवली. रात्री घरी आले, सकाळी सामान उघडलं, तर डबी नव्हती.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

त्यानं मुलीकडं पाहिलं. मुलगी हळूच मैत्रिणीचं नाव घेऊन म्हणाली, "बाजारात बॅग तिच्याच खांद्यावर व्हती."

बापानं लगेच उचललं. "तिच्यावरच आहे साहेब. लिहा तिचं नाव."

"काहून?"

"बाकी सारे घरचेच व्हते."

फिर्याद लिहून घेतली, गुन्हा दाखल केला. डबी नेमकी कुठं गेली हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं नागपूरची हद्द की आमची, हा वाद मी बाजूला ठेवला.

त्या मैत्रिणीचा जबाब तिच्या घरीच घ्यायचं ठरवलं. महिला पोलीस शिपाई बरोबर घेतली, गाडी गावाबाहेर उभी केली. पण पोलिसांनी गाडी कुठंही उभी करावी, ते कोणाच्या दारात गेले हे चहा उकळायच्या आत गावाला कळतं. आम्ही आत बसलो तेव्हा समोरच्या ओट्यावर माणसं गोळा झाली होती. तिचे वडील ड्यूटीवर जायच्या खाकी कपड्यात दाराशी उभे होते. त्यांनी दार लोटून घेतलं नाही.

"लपवण्यासारखं काही नाही साहेब," ते म्हणाले. "पाहू द्या."

मुलगी शांत होती. प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. बॅग बाजारात तिच्याकडं होती हे तिनं स्वतःहून सांगितलं. खानावळीच्या ओट्यावर सगळं सामान एका ठिकाणी ठेवलं होतं, हेही. शेवटी तिनं मला विचारलं, "साहेब, पोलीस पयले कोणाच्या घरी आले?"

"तुझ्याच."

"बरं," ती म्हणाली.

तिची आरोग्य खात्यात निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच ठाण्यात यायचे होते. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

पुढं बीट जमादार खबर घेऊन आला. बस्ता झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ही मुलगी कारंज्यात सराफाच्या दुकानात शिरताना दिसली होती म्हणे. जमादार खूश होता. मी त्याला दोन कामं सांगितली. एक, सराफाकडं चौकशी कर. दोन, ही खबर तुझ्यापर्यंत कोणाकडून आली ते मागं मागं जाऊन बघ. खबर खरी आहे का, एवढंच तपासून भागत नाही. ती कोणाला द्यावीशी वाटली, हेही बघावं लागतं.

सराफानं मुलीला कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या शेजारी फोटो स्टुडिओ होता. नोकरीच्या कागदांना लावायला तिनं तिथं फोटो काढले होते. आणि खबर? ती बस स्टँडवरच्या केळीवाल्याकडून आली होती. त्याला ती सांगितली होती नवरीच्या आत्यानं.

आता मी सगळ्यांचे जबाब पुन्हा घ्यायला बसलो. या वेळी सोन्याबद्दल काही विचारलं नाही. जेवणाबद्दल विचारलं. माणूस पैशाबद्दल, जमिनीबद्दल, नात्याबद्दल सावध होऊन बोलतो. गावाबाहेर जाऊन काय खाल्लं, हे मात्र तो हौसेनं सांगतो. फिर्यादी म्हणाला, पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, तिखट इतकं की डोळ्यात पाणी आलं. नवरीनं रस्सा दोनदा मागितला होता. आई म्हणाली, भाकरी पातळ होत्या, आपल्यासारख्या नव्हत्या.

"आणि आत्याबाई?"

आई जरा घुटमळली. "नणंदबाई नाही जेवल्या. त्यायले साडी पसंत नाही पडली. चांगली दाखवली व्हती, पण यायनं हलकी घेतली. म्हणे, बजेटात बसत नाही. मंग त्या म्हणे, माह्यं पोट भरलं. बाहीर सामानापाशीच बसल्या."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं नाही. आन घरातला रुसवाफुगवा कोणी पोलिसाले सांगते का?"

आत्याच्या घरी गेलो तेव्हाही महिला शिपाई बरोबर होती. पन्नाशीच्या पुढची बाई. भावाच्याच गल्लीत वेगळी राहायची, दुसऱ्याच्या शेतात तण निंदायला जायची. आम्हाला तिनं सतरंजी टाकून दिली.

"नागपूरले जेवण कसं होतं?" मी विचारलं.

"चांगलं व्हतं."

"काय काय होतं?"

"जे सारे जेवले तेच. वरण, पोळी, वांग्याची भाजी."

मी ते शब्द तसेच लिहून घेतले. ती शिपाईबाईकडं बघत राहिली, मग जमिनीकडं.

"त्या पोरीले कारंज्यात कधी पाह्यलं तुम्ही?"

तिनं पदर तोंडाला लावला. दोन पंच बोलावले. त्यांच्यासमोर तिनं तुरीच्या डाळीचा डबा पुढं केला. डबी डाळीत खाली होती, पोत जशीच्या तशी.

"मले इकाची नव्हती ते," ती म्हणाली. "भावाले एक डाव समजाव म्हटलं, कसं वाटते ते. नवरा मेल्यापासून त्याच्या घरच्या हरेक लग्नात मले उरलीसुरली साडी भेटते. नागपूरलेबी तेच. अख्ख्या दुकानात माह्यासाठीच पैसा कमी पडला."

"मग त्या मुलीचं नाव काहून घेतलं?"

"मी कुठं घेतलं? त्यायनंच घेतलं. मंग मीबी म्हटलं."

पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला. त्या दिवसांत फिर्यादी माझ्याकडं बऱ्याचदा आला. 'त्या पोरीला अटक कधी करता' म्हणून जो ठाण्यात आवाज चढवत होता, तो आता हात जोडून उभा होता.

"मिटवून टाका साहेब. घरचीच गोष्ट व्हय. लग्नघर आहे."

"आणि त्या मुलीचं काय?" मी विचारलं. "तिचं घर, ते घर नाही का?"

"तिले कोणी काय केलं? अटक थोडी झाली."

गुन्हा मिटवणं माझ्या हातात नव्हतं. दोषारोपपत्र पाठवलं. पुढं न्यायालयात भावाबहिणीनं आपसात तडजोड केली आणि कायद्यानं ती चालली. लग्नात आत्यानं चांगली साडी नेसली होती, असं ऐकलं.

लग्नाच्या आधी ती मुलगी ठाण्यात आली होती. पडताळणीच्या कागदांवर मी स्वच्छ अहवाल लिहिला होता, त्याबद्दल ती आभार मानायला आली असेल असं मला वाटलं. तिनं आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच होतं. तिला बदनामीची तक्रार करायची असेल तर काय करावं लागेल, ते मी समजावून सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "ते पाहू. मले एकच इचाराचं हाये. माह्यं नाव पयले कोणाच्या तोंडून निघालं?"

टाळता आलं असतं. पण ज्या मुलीनं मला प्रत्येक प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, तिला मी वाकडं उत्तर द्यावं असं वाटेना.

"तुझ्या मैत्रिणीच्या," मी म्हणालो.

ती खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. "मले वाटे, तिचे बाबा असतीन," ती म्हणाली. "मंग लग्नाले नाही जात मी. आईनं आहेर आणून ठेवला व्हता."

ती नोकरीवर रुजू झाली. गावात तिचं येणं फार कमी झालं, असं तिचे वडील मला एकदा बसमध्ये भेटले तेव्हा म्हणाले. गावात कोणी माफी मागितली का, असं मी विचारलं. त्यांनी माझं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या प्रवाशाकडं वळले.

आमच्या दप्तरी तो गुन्हा 'उघडकीस' म्हणून नोंदला आहे. मुद्देमाल शंभर टक्के हस्तगत. वरिष्ठांनी शाबासकीही दिली. पण पोत जिची होती तिला ती परत मिळाली, आणि जिचं काही चोरीला गेलंच नव्हतं, तिला गाव परत मिळालं नाही. पोलिसाला चोर पकडता येतो. लोकांनी मनात धरलेला संशय पंचनामा करून जप्त करता येत नाही.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक पद्धत ठेवली. फिर्यादीनं संशयिताचं नाव सांगितलं की लेखणी खाली ठेवायची आणि विचारायचं, "याच्यावरच काहून?" मग तो कितीही चिडला तरी उत्तर येईपर्यंत थांबायचं. बहुतेकांचं उत्तर निराळ्या शब्दांत तेच असायचं, की बाकी सगळे आपले आहेत.

हे कारण तेव्हाही फिर्यादीत लिहिण्यासारखं नव्हतं, आजही नाही. तरी लोक तेच लिहून घ्या म्हणतात.