तळातला मासा

धुळ्याच्या सायरबाईंचा नेमधर्म भलता कडक. जैन घरातल्या इतर बायका सूर्यास्तानंतर जेवत नसत, सायरबाई पाण्याचा घोटही घेत नसत. शेजारी आमलेटचा वास सुटला की धाडधाड खिडक्या लावायच्या. मुलगा इंदरचंद कापडाचं दुकान सांभाळायचा आणि आईच्या नेमापुढे मान तुकवायचा. निदान तसं दाखवायचा.

गुडघ्यांनी सायरबाईंना खाटेवर बसवलं, तेव्हा त्याने कुठूनशा सोनेरी गोळ्या आणून बडीशेपेच्या डबीत भरून दिल्या. "आयुर्वेदिक आहेत, बाई," तो आईला म्हणाला. महिन्याभरात म्हातारी जिना चढायला लागली.

चातुर्मास संपत आला होता. महासतीजी गोचरीची भिक्षा घ्यायला दारात आल्या, त्या गुडघा धरून लंगडतच. आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्या साध्वीचे ते हाल सायरबाईंना बघवेनात. पोळ्यांबरोबर त्यांनी डबीतल्या मूठभर गोळ्याही दिल्या. "शुद्ध आहेत हो, माझ्या इंदरने आणल्यात." इंदर शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पडला, पण तोंडातून शब्द फुटला नाही.

आठवड्याने सायरबाई म्हणाल्या, "आणखी आण रे, महासतीजींना द्यायच्यात." तेव्हा कुठे त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"बाई, ते कॉडच्या लिव्हरचं तेल आहे. मासा असतो तो."

मोबाईलवर त्याने दाखवलाही. उत्तरेकडच्या गारठलेल्या समुद्रात तळाशी राहणारा, हनुवटीखाली एकच मिशी लोंबणारा, डोळे वटारलेला. सायरबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि त्याच्या तळाचा जीव रोज गिळला होता. त्यांना भडभडून ओकारी झाली.

"माझा धरम बुडवलास तो बुडवलास, त्यांचा का बुडू दिलास? तोंड का नाही उघडलंस मेल्या?"

"गुडघे तर बरे झाले ना तुझे!" इंदर चिडून म्हणाला.

"आग लागो त्या गुडघ्यांना!"

सगळं सांगायचं, पाया पडून प्रायश्चित्त मागायचं, असं ठरवून त्या तडक साध्वी उतरल्या होत्या त्या जैन स्थानकात गेल्या. महासतीजी त्यांना बघून आधाराशिवाय उठल्या.

"श्राविका, तुमच्या औषधाने चालती झाले. उद्या सोनगीरला पायी निघते. डोलीत बसायची वेळ येते की काय, म्हणून रोज रडत होते मी."

बसलेल्या बायका सायरबाईंकडे कौतुकाने बघायला लागल्या. एकीने तर हात जोडले. महासतीजींनी आशीर्वादाचं मांगलिक ऐकवलं, ते सायरबाईंनी मान खाली घालून घेतलं आणि परतल्या.

इंदर दारातच थांबला होता. "सांगितलंस?"

सायरबाई बराच वेळ चपला काढत राहिल्या.

"त्यांचा गुडघा बरा झाला," त्या म्हणाल्या.