गंजाचे म्हणून धुतलेले डाग

माझा मामा एकतीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत होता. तिथे त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'प्रेशर' म्हणत, कारण पाळीवर आला की तो आधी काट्याकडे बघायचा आणि मग माणसांकडे. बॉयलरच्या पाण्याचा नमुना काचेच्या ग्लासात घेऊन उजेडाकडे धरायचा, हे त्याचं रोजचं काम. निवृत्त झाला तरी हात तसाच वर जायचा. चहाचा कपसुद्धा तिरका करून बघायचा.

"साखर हरवली का रे तुझी?" आई विचारायची.

मामी गेली, पोरंबाळं नव्हती, तेव्हा आईने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. माझे वडील त्याआधीच गेले होते आणि मी लग्न होऊन दुसऱ्या गावी. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मागे अरुंद बाथरूम, त्यातच संडास. आई बावीस वर्षं एका लॉन्ड्रीत डाग काढायच्या टेबलावर होती. शाई, तेल, हळद, गंज, प्रत्येकाची तिची तिची औषधं. म्हातारपणी बहीण-भाऊ दिवसभर एकमेकांना डिवचत बसत. मी रविवारी गेले की दोघंही आपापली तक्रार घेऊन तयार.

थंडी सुरू झाली आणि एका रविवारी आईने मला हात धरून बाथरूममध्ये नेलं. बादलीत उशांचे पांढरे अभ्रे होते आणि पाणी कोऱ्या चहासारखं.

"गीझर म्हातारा झालाय. मेकॅनिकला बोलवू म्हटलं तर तुझा मामा अंगावर येतोय."

"या घरात मी असताना मेकॅनिक?" मामा बाहेरून ओरडला. "उद्या म्हणशील जेवायला खाणावळीत जा."

त्याने तीन ग्लास मागितले, मोरीच्या खिडकीत ओळीने मांडले. पहिला थंड नळाचा. तो स्वच्छ होता. दुसरा गरम नळ सोडल्या सोडल्या भरला. तो तांबूस. मग नळ चालूच ठेवला आणि दहा मिनिटांनी तिसरा भरला. तोही तांबूस.

"बघ," तो आईला म्हणाला. त्याला शिकवायला फार आवडायचं. "दोन्ही नळांना असं आलं असतं, तर दोष बाहेरचा, वरच्या टाकीचा नाहीतर लायनीचा. आधी गढूळ आणि मग स्वच्छ झालं असतं, तर मधल्या पाइपाचा. इथे गरमच नळाला येतंय आणि थांबत नाहीये. म्हणजे दुखणं गीझरच्या पोटात आहे."

आई टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी होती. "आणि संडासाच्या फ्लशला?" तिने विचारलं.

"त्याला गरम लाइनच नाही गं. तो थंडावर आहे," असं म्हणून त्याने मेन स्विच बंद केला आणि पाना हातात घेतला.

टाकी रिकामी करताना दीड बादली चिखल निघाला. खालची प्लेट उघडली तेव्हा कॉइलवर बोटभर जाडीचा पांढरा थर होता, आणि शेजारी जिथे मॅग्नेशियमची जाड कांडी असायला हवी तिथे एक वाकडी तार लोंबत होती. "ही कांडी झिजते म्हणून टाकीचा पत्रा टिकतो," मामा म्हणाला. "ही दोनतीन वर्षांनी बदलायची असते. हा गीझर बसवून एकोणीस वर्षं झाली, मी कधी उघडून बघितलं नाही. माझीच चूक." त्याने नवी कांडी बसवली, टाकी धुतली, नवं वायसर घातलं. घामाघूम झाला होता, चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, वय झालं.

आठ दिवस पाणी स्वच्छ आलं. नवव्या दिवशी पुन्हा तांबूस. मामाने ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "आतलं अस्तर फुटलंय. पत्रा गंजतोय. टाकी गेली."

"मग नवा आणू."

"बघू. गळत नाही तोवर चालू दे."

आई मला फोनवर हे सांगताना हसली होती. शेजाऱ्याच्या कुकरची शिट्टी सैल वाजली तर जिना उतरून सांगायला जाणारा माणूस हा. पण आम्ही दोघींनी कानाडोळा केला. म्हातारं माणूस आळसावलं, एवढंच.

पुढचे तीन महिने नवा गीझर 'पुढच्या महिन्यात' येत राहिला. मधल्या काळात आईला संडासात तांबूस डाग दिसायचे. मामा म्हणायचा, गरम पाण्याने धुतलं मी. त्याच्या पायजम्यांवर डाग पडायचे. तो म्हणायचा, याच पाण्यात धुतो ना. स्वतःचे कपडे तो स्वतः धुवायचा, तेही कढत पाण्यात, आणि आईला हात लावू द्यायचा नाही. आई मागाहून दोरीवरचे पायजमे काढून लिंबू-मीठ चोळायची, उन्हात टाकायची. डाग हलत नसत. "माझा हात गेला वाटतं," ती मला म्हणाली. गंजाच्या डागाने तिला असं कधी दमवलं नव्हतं.

मग एका मंगळवारी मामाला बरं वाटत नव्हतं. पायजमा बदलून तो तसाच बादलीत टाकून आडवा झाला. घरात लिंबू नव्हतं, म्हणून आईने बादली थंड नळाखाली सरकवली आणि पुढच्या कामाला लागली. तासाभराने येऊन बघते तर पायजमा कोरा. बादलीतलं पाणी गुलाबी.

गंज थंड पाण्यात सुटत नाही. रक्त सुटतं, आणि कढत पाण्यात धुतलं तर कायमचं बसतं. आईला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे सांगितलं असतं. मग तिने फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. आत पाणी नितळ. पाइपावर बोट ठेवून ती मागे मागे गेली, थंड लायनीपर्यंत. भावाने शिकवलं होतं तसंच.

मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पलंगाच्या कडेला बसली.

"दादा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला वेड्यात काढू नकोस. लघवीतून रक्त कधीपासून जातंय?"

त्याने चादर खांद्यावर ओढली. मग म्हणाला, "गीझर बिघडायच्या आधी दोन महिने."

"म्हणजे पाच महिने तू तोंडातून ब्र काढला नाहीस?"

"मध्ये थांबायचं गं. आठ-आठ दिवस काही नाही. वाटायचं, गेलं." तो वळला. "गीझर बिघडला तेव्हा मला बरंच वाटलं, ठमे. म्हटलं, आता निदान तुला कळायचं नाही."

आईने त्याला मारलं. मी हे लिहू नये असं तिला वाटेल, पण तिने त्याच्या दंडावर दोन-तीन चापट्या मारल्या, लहानपणी मारायची तशा, आणि मग त्याच हाताला धरून रडली.

का लपवलं, हे त्याने मला दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. कारखान्यातली दोन माणसं याच वाटेने गेली होती. एकाला तो भेटायला गेला होता, नळी आणि पिशवी लावलेली. "त्याला पण आधी दुखत नव्हतं. नुसतं लाल. मी बघितलं आणि मला कळलं," मामा म्हणाला. "कळल्यावर डॉक्टरकडे कशाला जायचं?"

"बरं व्हायला, मामा."

"तसंही असतं म्हणा," तो म्हणाला आणि समोरच्या भिंतीवरची आग विझवायच्या नळकांड्याची तारीख वाचत बसला.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं, आतले फोटो काढले. मूत्राशयात गाठ होती आणि ती भिंतीच्या पलीकडे गेली होती. त्यांनी विचारलं, काम कुठे करत होतात? रंगाच्या कारखान्यात, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. काही रंगांतल्या रसायनांनी हा कॅन्सर कित्येक वर्षांनी उठतो, म्हणाल्या. बॉयलरच्या खोलीत रंग येत होता का? मामा म्हणाला, रंगखात्याची भिंत आणि आमची भिंत एकच होती. जेवायला आम्ही सगळे एकत्रच बसायचो, हात धुऊन न धुऊन.

"हेच पाच महिने आधी आला असतात तर..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

एक ऑपरेशन झालं, औषधं झाली. मामा खंगत गेला. तो घरी नसताना आईने नवा गीझर बसवून घेतला. जुना खाली उतरवला तेव्हा बुडाला नखाएवढं भोक होतं. मामाला सांगितलं तर त्याने कुठल्या कंपनीचा घेतला तेवढं विचारलं आणि डोळे मिटले. शेवटचा महिना वेदनेचा होता. त्याबद्दल मी लिहिणार नाही. उन्हाळा संपायच्या आत, एका सकाळी आठच्या सुमारास, आई चमच्याने पाणी पाजत असताना तो गेला.

तेरा-चौदा दिवसांनी आईने त्याच्या खिशातली जुनी फोन नंबरांची वही काढली. रंगखात्यात आणि बॉयलरवर काम केलेली चार नावं तिने मला मोठ्याने वाचायला लावली. फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून आम्ही दोघी घरोघर गेलो. सत्तरीची बाई, ओळख ना पाळख, आणि दारात उभी राहून विचारते, "तुमची लघवी लाल होते का?" पहिला हसायलाच लागला. दुसऱ्याने दार लावून घेतलं, आतून शिव्या ऐकू आल्या. तिसऱ्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ते तर दोन वर्षांपूर्वी वारले. कशाने ते तिला ठाऊक नव्हतं. आई तिथेच पायरीवर बसली.

चौथा रंगमिस्त्री. अबोल माणूस, बोटांची नखं अजून निळसर. त्याने सगळं ऐकून घेतलं, आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, "मला काही नाही होत." आम्ही परत आलो.

तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. आवाज इतका खाली की आईला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, ताई, ते काल कबूल झाले. चार आठवडे झालेत म्हणतात. पण दवाखान्यात यायला तयार नाहीत, तुम्ही याल का?

आई चप्पल शोधत होती. मला म्हणाली, "दादाच्या रिपोर्टांचा गठ्ठा घे सगळा. त्याला ते फोटो दाखवायचे."