ज्याची पट्टी त्याला

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी पंचवटीत भाजी घेत होते. दादा गेला. घरून निघाले तेव्हा चहा पीत बसला होता... हातातली मेथीची जुडी मी टोपलीत परत ठेवली. रडू नाही आलं. मनात आलं ते एवढंच, की माझा भाऊ गेला आणि तो माणूस अजून जिवंत आहे. वाचून कुणाला वाईट वाटेल, तर वाटू दे.

तो माणूस म्हणजे अंबडच्या कारखान्यातला दादाचा सुपरवायझर. नाव लिहायचं फार मनात होतं, पण दादाला ते रुचलं नसतं. त्यांच्या पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. काम लवकर उरकावं म्हणून या गृहस्थाने एक बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कायमचं दाबून ठेवलं. दादाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. सोबतच्या एकाने ती पट्टी कापून गुपचूप दवाखान्यात आणून दिली. पुरावा हातात असताना माझ्या भावाने तो सुपारीच्या डबीत टाकला आणि मलाच कर्मसिद्धान्त ऐकवला.

"शोभे, ज्याचं कर्म त्याच्या दारात बरोबर जातं. आपण कशाला पोस्टमन व्हायचं?"

"आणि पत्ता चुकला तर?"

नुसता हसायचा. राग त्यालाही यायचा. मग ती पट्टी डाव्या हातात धरून म्हणायचा, "राग आलाय. येऊ दे. आपण बघत बसू." उतरला की परत डबीत. देवळात प्रसादाला डावा हात पुढे केला की लोक वळून बघायचे. तो शांतपणे उजवा पंजा दाखवायचा, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. वेदान्त त्याला पचला, मला नाही.

दहावं झालं, दुसऱ्या दिवशी तो माणूस काठी टेकत भेटायला आला. खुर्चीत बसून म्हणाला, "देवमाणूस हो. कधी मनात काही ठेवलं नाही त्यानं."

"मनात नाही, डबीत ठेवलं," मी म्हटलं आणि पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. "तुमची वस्तू. घेऊन जा."

त्याने ओळखली. "ताई, तेव्हा साहेबांचा दबाव होता..."

"असेल. बांधली तुम्हीच."

पट्टी खिशात घालून, पाणीही न पिता तो गेला. मला बरं वाटलं, अजूनही वाटतंय. झाले मी पोस्टमन, दादा. पत्ता चुकू दिला नाही.

सकाळी चहा ओतताना अजून दोन कप मांडते, त्याच्या कपाचा कान डावीकडे वळवून. शेजारी रिकामी डबी असते. तो काय विचारेल ते मला ठाऊक आहे, "पट्टी देऊन टाकलीस, मग राग कशाला ठेवलास?" चहा निवतो, मग दोन्ही कप मीच पिते.