काट्यावरची उलटी गेलेली फाईल

सन २०२२. मी सदुसष्ट वर्षांचा, शिक्षण चौथी. बदनापूरजवळच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसून काळ्या स्क्रीनकडं बघत होतो. दिवसभराची फाईल गेली होती.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. गाडी आधी भरलेली काट्यावर येते, मग रिकामी. फरक तो कापूस. दिवसाची सगळी वजनं एका फाईलमध्ये जमतात, ती संध्याकाळी जालन्याच्या हेड ऑफिसला पाठवायची. आधी पेनड्राइव्ह मोटारसायकलवर जायचा. मग कमांड आली. कमांड म्हणजे बटण नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ टाइप करायची: आधी कुठून, मग कुठं.

मी जन्मभर पार्सलवर आधी घेणाऱ्याचं नाव टाकलं, खाली पाठवणाऱ्याचं. इथंही तसंच टाकलं. कमांडनं हेड ऑफिसची कालची फाईल उचलली अन् माझ्या आजच्या फाईलवर आणून टाकली. नाव दोन्हींचं एकच. एका शब्दानं विचारलं नाही.

मॅनेजर साहेब आले. "आण्णा, आता ह्या खुर्चीवर सलीमला बसवतो." सलीम म्हणजे गेटवरचा वॉचमन.

"त्याला येतंय का?"

"शिकंल."

"मंग मी काय करून राह्यलो इथं?"

हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमला फोन लावला.

"काका, सांगितलं होतं ना, आधी सोर्स, मग डेस्टिनेशन."

"मॅडम, गेटात गाडी उलटी घुसली तर वॉचमन आडवा होतो. तुमच्या कमांडला आडवं कोण होतंय?"

"बरं, काय पाहिजे तुम्हाला?"

"मराठीत विचारा. कुठली फाईल, कुणाकडं. अन् आजच्यावर कालची पडायली तर थांबा म्हणा."

गाडीवाल्यांना दिलेल्या वजनाच्या चिठ्ठ्यांच्या कार्बन कॉपीवरून सगळी वजनं मी पुन्हा टाकली. मान आखडली. मॅडमनं आयकॉन बनवला, पण प्रश्न इंग्रजीत. मी परत पाठवला. मग बराबर आला: 'आजचं वजन जालन्याला पाठवू? हो तर १ दाबा.' आत कमांड तीच, फक्त झाकलेली.

साहेबांनी स्वतः १ दाबला. फाईल गेली.

"भारी केलं आण्णा! आता तर सलीमबी करंल. उद्या बसवतोच त्याला."

अवघड होतं तेव्हा मला जमत नाही म्हणून खुर्ची जात होती. सोपं झालं तर कुणालाही जमतं म्हणून चालली. काम सोपं करून घ्यावं, पण साहेबासमोर करून दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता गेलो. सलीम खुर्चीत, बोट १ वर.

"चाचा, दाबू?"

"अजून एक गाडी आली न्हाई, काय पाठवतो? ऊठ. काट्यावर माती हाये. झाडल्याबिगर आकडा शून्यावर येत न्हाई."

तो झाडू आणायला गेला. मी खुर्चीत बसलो.