वैशालीताईंची बरणी

भट्टीत लाकूड घालताना हात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळं! त्यामुळे आमच्याकडे भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

आम्ही म्हणजे मी, नर्स असलेल्या वैशालीताई आणि आम्हाला मातीची भांडी घडवायला शिकवणाऱ्या जपानी मिचिकोबाई. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी कुवेतमधल्या महबूल्याहून वफ्र्याच्या एका शेतावर जायचो. तिथे बाईंनी त्यांच्याकडच्या पद्धतीची लाकडाची भट्टी बांधली होती. वैशालीताई नोकरी संपवून कायमच्या नाशिकला निघाल्या होत्या. "इथून माझ्या हातची एक तरी वस्तू न्यायचीय गं," म्हणायच्या. म्हणून त्यांनी लोणच्याची मोठी बरणी घडवली.

*

बाईंनी आधीच सांगितलं, "आपण ग्लेझ, म्हणजे चकाकीचा लेप, लावायचा नाही. लाकडाची राख उडून भांड्यावर बसते, वितळते. तीच चमक."

वैशालीताई माझ्या कानात म्हणाल्या, "आईनं जन्मभर राखेनं भांडी घासली. आता मी राख बसायची वाट बघू!"

*

कुवेतमध्ये लाकूड कुठलं! शेत सांभाळणारे इजिप्तचे अबू यासीन फर्निचरच्या दुकानांमागून पॅकिंगच्या फळ्या आणायचे, खिळे आम्ही उपटायचो. एकदा न राहवून ते म्हणाले, "मदाम, कोपऱ्यावरच्या बकाल्याच्या दुकानात कप मिळतात. चांगले गोल असतात!"

*

भट्टी पेटवण्याआधी बाईंनी तिच्यापुढे नैवेद्यासारखं मीठ ठेवलं. त्यांच्याकडे सोबत दारूही ठेवतात, पण इथे दारूबंदी, ती कुठून आणणार? वैशालीताईंनी पिशवीतून नारळ काढून फोडला. बाईंनी खोबरं चाखलं आणि म्हणाल्या, "हे बरं. सगळ्यांना वाटता येतं."

*

आगीजवळ राख भरपूर बसते, पण भांडं तडकायची भीती. मी म्हटलं, "ताई, एकच तर बरणी आहे. मागे ठेवा."

"कॅज्युअल्टीत नोकरी केलीय मी. मागे काय ठेवायचं!"

बरणी सगळ्यात पुढे गेली. सोबतीला माझा चहाचा कप.

*

भट्टी गार झाल्यावर दाराच्या विटा काढल्या. बरणी अखंड! अंगावरून हिरवट राख काचेसारखी ओघळलेली. पण आगीत ती जराशी कलली होती आणि माझा कप तिच्या पोटाला पक्का चिकटला होता. बाईंनी छिन्नी पुढे केली. "कप तोडताना बरणीही जाऊ शकते. तुम्ही ठरवा."

मी म्हटलं, "राहू दे तिथेच."

वैशालीताई म्हणाल्या, "आता लोणचं मागणाऱ्याला चहापण विचारावा लागणार!"

*

एअरपोर्टवर त्यांच्या एका हातात साड्यांची बॅग, दुसऱ्या हातात ओढणीत गुंडाळलेली बरणी. मोठ्या बॅगांचं वजन आधीच पुरं झालेलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हातात एकच घेता येईल."

"एकच ना?"

वैशालीताईंनी साड्यांची बॅग माझ्या हातात दिली. "तू नेस," म्हणाल्या, आणि बरणी कडेवर घेऊन आत गेल्या.